पंच्याऐंशीवर अडकलेला नवरदेव

"मशीन अडकलंय, ताबडतोब या," एवढंच डॉक्टर अनुराधा मॅडम फोनवर म्हणाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मशीनला काय न्हाई झालं, हळदीनं झालंय त्ये!" तिसरा आवाज म्हणाला, "आवं हळद मशीनला लागलीया का नवऱ्याला?" आणि फोन कट झाला.

मी तेव्हा कऱ्हाडात एका गाड्यावर मिसळ खात होतो. पहिला घास तोंडात, दुसरा हातात. तो दुसरा घास मी विट्यात पोचल्यावर खाल्ला. इतक्या वेगानं गाडी मारली की वाटेतले निम्मे स्पीडब्रेकर मला परत येताना लागले.

माझा धंदा आधी सांगतो, म्हणजे पुढचं खोटं वाटणार नाही. मी बायोमेडिकल सर्व्हिस इंजिनिअर. हॉस्पिटलातली मशीनं दुरुस्त करतो. घर सांगलीत, पण हद्द वाईपासून जतपर्यंत. या पट्ट्यातला असा एक व्हेंटिलेटर नाही ज्याच्या पोटात मी हात घातलेला नाही. वाईत एकदा ईसीजी मशीनमधून मी पालीचं अख्खं कुटुंब बाहेर काढलं होतं, आजीसकट. डॉक्टर लोक माणसाला तपासतात, मी डॉक्टरांच्या मशीनला तपासतो. फरक एवढाच की माझा पेशंट 'आता बरं वाटतंय' असं खोटं सांगत नाही.

विट्याचं हे हॉस्पिटल लहान. एक ऑपरेशन थिएटर, एक आयसीयू आणि एक अनुराधा मॅडम, ज्या एकट्या चार डॉक्टरांएवढ्या. मॅडम भूलतज्ज्ञ. त्यांचा आवाजच असा की इंजेक्शनाआधीच निम्मा पेशंट झोपतो आणि उरलेला घाबरून झोपल्याचं सोंग करतो.

आयसीयूच्या दारात पन्नासेक माणसं उभी. सगळी पिवळी. कपाळं पिवळी, शर्ट पिवळे, एका आजोबांच्या मिशासुद्धा पिवळ्या. हळदीच्या मांडवातून ही वरात थेट इथं आली होती.

आत कॉटवर नवरदेव. धनाजी नाव, अठ्ठावीस-तीसचा गडी, दंड असे की बीपीचा पट्टा पुरेना. अंगभर हळद आणि त्या पिवळ्या चेहऱ्यावर ओठ मात्र जांभळं खाल्ल्यासारखे निळसर-राखाडी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, गॅस पूर्ण सोडलेला. आणि वर मॉनिटरवर आकडा: पंच्याऐंशी.

"सकाळपासून पंच्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. "ऑक्सिजन लावला, पंच्याऐंशी. वाढवला, पंच्याऐंशी. बंद केला, तरी पंच्याऐंशी. गेल्याच महिन्यात तुम्ही हे बसवून गेलात ना?"

"मॅडम, बसवलं ते मशीन. पेशंट तुम्ही बसवलाय."

त्या हसल्या नाहीत. मी बॅग उघडली.

बोटाला लावायचा तो चिमटा आता कुणाला नवा नाही. कोरोनात तो घरोघरी पोळपाट-लाटण्याच्या शेजारी जाऊन बसला. पण तो आत काय करतो असं विचारलं तर निम्मी माणसं सांगतात, रक्त शोषतो. अहो, सुई नाही, टोचणं नाही, काही नाही. चिमट्याच्या वरच्या जबड्यात दोन दिवे आणि खालच्या जबड्यात एक डोळा. एक दिवा लाल, आपल्याला दिसतो तो. दुसरा इन्फ्रारेड, तो आपल्याला दिसत नाही, पण खालच्या डोळ्याला दिसतो. दोन्ही दिवे आळीपाळीनं बोटातून आरपार जातात.

आता गंमत. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक असतं. ते लाल उजेड बराचसा सोडून देतं आणि इन्फ्रारेड जास्त गिळतं. ऑक्सिजन संपलेलं रक्त काळपट. त्याचं बरोबर उलटं. मशीन बघतं, कुठला उजेड किती गिळला गेला. एकाला दुसऱ्यानं भागतं आणि आकडा सांगतं. शंभराच्या आसपास असेल तर घरी जा, नव्वदच्या खाली गेला तर आडवे व्हा.

"आवं इंजिनिअर सायेब," एक दणकट गृहस्थ पडदा सारून आत आले. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, बोटात तीन अंगठ्या. नवऱ्याचे रंगामामा. "हळदीचं बोट हाय. त्यात तुमचा उजेड जाईल कसा? त्या हळदीनंच मशीन फसतंय. पुसा आणि सोडा पोराला. उद्या दुपारचा मुहूर्त हाय."

"मामा, हळद घरच्या शेतातली का बाजारची?"

"सांगलीची. एक नंबर."

"मग बिनधास्त राहा. कितीही एक नंबर असली तरी हळदीला नाडी नसते."

हे मी गंमतीनं म्हणालो, पण ते खरं होतं. कातडी, हाड, नख, हळद हे सगळेच थोडा थोडा उजेड गिळतात, पण कायम तेवढाच गिळतात. रक्त तेवढं हृदयाच्या ठोक्याबरोबर बोटात येतं आणि ओसरतं. मशीन फक्त ते कमीजास्त होणारं मोजतं आणि बाकी सगळं सोडून देतं. शिवाय लाल उजेड पिवळ्यातून आरामात जातो. तरी मामांचं समाधान म्हणून मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि धनाजीचं बोट चोळचोळ चोळलं. बोळा पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही पिवळा. तिसरा कोरा निघाला. पण बोटाचं टोक पिवळं ते पिवळंच. म्हटलं, सांगलीच्या हळदीचा नाद करायचा नाही.

चिमटा लावला. पंच्याऐंशी.

चिमटा बदलला. पंच्याऐंशी. पायाच्या अंगठ्याला लावला, पंच्याऐंशी. कानाच्या पाळीला लावला, तिथंही पंच्याऐंशी. ड्रॉवरमधला दुसऱ्या कंपनीचा छोटा ऑक्सिमीटर काढला. ॲम्ब्युलन्समधला तिसऱ्या कंपनीचा मागवला. तिघांचं एकमत. वीस वर्षांच्या नोकरीत तीन कंपन्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मग मी स्वतः शेजारच्या रिकाम्या कॉटवर आडवा झालो आणि तेच मशीन माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. मिसळ अर्धवट टाकून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त कशाला हवा?

पुण्याला साहेबांना फोन लावला. आमचे साहेब फोनवर मशीन दुरुस्त करतात, हातानं कधी केलेलं नाही.

"प्रोब बदलला?"

"बदलला."

"केबल?"

"बदलली."

"पेशंट बदलून बघितला?"

"बघितला साहेब, मीच झोपलो होतो. अठ्ठ्याण्णव."

"मग फॉल्ट पेशंटमध्ये आहे. कॉल क्लोज करा."

माझ्या साहेबांनी आयुष्यात एवढं अचूक निदान पुन्हा कधी केलं नाही, आणि हे त्यांना आजही माहीत नाही.

मी मॅडमकडे गेलो. मला माझी कातडी वाचवायची होती, बाकी काही नाही. म्हणून मी सर्व्हिस मॅन्युअलातलं ज्ञान पाजळलं. "मॅडम, मशीनचा दोष नाही. दोन्ही उजेड सारखेच गिळले गेले की भागाकार येतो एक. आणि एकाच्या समोर कंपनीनं तक्त्यात पंच्याऐंशी लिहून ठेवलंय. म्हणजे पंच्याऐंशी हे काही त्याचं उत्तर नाही. ते मशीनचं 'मला काय कळंना' असं म्हणणं आहे."

मॅडम वळल्या. "काय म्हणालात? दोन्ही उजेड सारखेच?"

"हो. काळ्या रक्तानं लाल जास्त गिळायला हवा, लाल रक्तानं कमी. हे दोन्हीकडनं सारखंच खातंय. म्हणजे हे रक्त नवऱ्याकडचंही नाही आणि नवरीकडचंही नाही. दोन्ही पंगतीला जेवतंय."

माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांच्या हातात सिरिंज होती. त्यांनी धनाजीच्या दंडातून थोडं रक्त काढलं आणि दोन थेंब पांढऱ्या गॉजवर टाकले. शेजारी सिस्टरच्या बोटातला एक थेंब. सिस्टर बिचारी 'अगं आई' म्हणेपर्यंत काम झालंसुद्धा. सिस्टरचा थेंब लाल. धनाजीचे थेंब चॉकलेटी. अगदी लग्नाच्या केकवर ओततात तसे. मॅडमनी गॉज हवेत हलवलं. साधं काळपट रक्त हवेत लालसर होतं. हे तसंच राहिलं.

"गंजलंय," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"रक्तात लोखंड असतं ना, ज्याला ऑक्सिजन चिकटतो? ते गंजल्यासारखं झालंय. त्याला मेट-हिमोग्लोबिन म्हणतात. असं रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. वरून कितीही सोडा, याला उचलताच येत नाही. मला वाटलं तुमचं मशीन बिघडलंय, म्हणून मी दुसरं काही बघितलंच नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. बिघडलेलं मशीन मला चालतं. न बिघडलेलं मशीन भयंकर असतं.

त्यावर औषध आहे, आणि ते औषध निळं आहे. मिथिलीन ब्लू. गडद शाई. सर्जन लोक भगंदराची आतली वाट शोधायला वापरतात, म्हणून थिएटरच्या कपाटात त्याच्या कुप्या होत्या. पूर्वी कधी औषधानं कावीळ झाली होती का (तसं असेल तर ही शाई उलटते), एवढं मॅडमनी धनाजीच्या आईला विचारलं. त्यांना सगळे काकी म्हणत होते. काकी नाही म्हणाल्या. मॅडमनी ती शाई सलाईनच्या नळीतून हळूहळू सोडायला सुरुवात केली. पांढऱ्या नळीतून निळं औषध पिवळ्या नवऱ्यात.

तेवढ्यात मॉनिटर किंचाळला. पंच्याऐंशीचे ऐंशी. ऐंशीचे बहात्तर. बहात्तरचे चौसष्ट.

रंगामामांनी माझी कॉलर धरली. डॉक्टरची नाही, माझी. "आरं तुझ्या मशीनच्या! पोरगं मारलं व्हय रं!"

माझे पाय जमिनीपासून वीतभर वर होते. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही, बूट खाली पडला तेव्हा आवाज झाला होता. तशा लटकत्या अवस्थेत मी व्याख्यान दिलं. "मामा, शाई! शाई निळी आहे! निळी शाई लाल उजेड गिळते! मशीनला वाटतंय रक्त काळं झालं! ते फसलंय!"

"मगाशी म्हनलास फसत न्हाई म्हणून!"

"हळदीला नाडी नसते हो! ही शाई रक्तातनंच पळतीये, हिला नाडी आहे!"

"मामा, सोडा त्यांना," मॅडम औषध न थांबवता म्हणाल्या. "आकडा बघू नका, ओठ बघा."

सगळ्यांनी ओठ बघितले. पन्नास माणसं पडद्याच्या फटीतून एका माणसाचे ओठ बघतायत, असं दृश्य तुम्ही कुठं बघितलं नसेल. ओठांचा राखाडी रंग हळूहळू उतरत होता. आधी मातकट, मग फिकट, मग गुलाबी. धनाजीनं डोळे उघडले आणि मास्कमधून म्हणाला, "मामा, त्येंचा बूट द्या."

आकडाही वर चढला. सत्तर, ऐंशी, नव्वद, ब्याण्णव. मामांनी मला खाली ठेवलं, कॉलर सारखी केली, वर दोन थापाही मारल्या. त्या थापा कॉलर धरण्यापेक्षा जास्त लागल्या.

इथवर सगळं मजेचं होतं. पुढचं नाही.

मॅडमनी मामांना आणि काकींना कॉटजवळ घेतलं. मी बॅग भरत होतो, पण कान तिकडेच. "हे आपोआप होत नाही," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी पोटात गेलंय किंवा नाकातनं गेलंय. यानं काय केलं काल-आज? नीट सांगा, कारण फरक पडतो. पोटात गेलं असेल तर मी उद्या सकाळी सोडीन, मुहूर्ताला पोचेल. नाकातनं एखादा वाईट धूर गेला असेल तर आज बरा दिसेल आणि उद्या फुप्फुसात पाणी भरेल. मांडवात भरलं तर तिथंच जाईल."

काकींनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं.

"भजी," मामा म्हणाले. "भजी लय खाल्ली त्यानं. बटाट्याची."

"भज्यांनी रक्त गंजत नाही."

"आमच्या आचाऱ्याची भजी तुमी खाल्ली न्हाईत, मॅडम."

बाहेर हशा पिकला. मॅडमनी धनाजीकडे बघितलं. "तू सांग."

त्याची नजर पडद्याकडे गेली, आणि मला कळलं का. पडद्याच्या पलीकडे एक नवा घोळका आला होता. नवरीकडची मंडळी. नवरीचा बाप, आबा, शेजारच्याच गावचा. करड्या मिशा, डोक्यावर टोपी. आणि त्यांच्या मागं खुद्द नवरी, स्वाती. अंगावर हळद, हातावर मेंदी. हळद लागलेल्या पोरीनं घराबाहेर पडायचं नसतं म्हणून दोन बायका तिला मागं ओढत होत्या आणि ती त्या दोघींना पुढं ओढत होती.

मामा घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, भजीच लिवा. सकाळी सोडा."

तेव्हा मी तोंड घातलं. मला ती सवय आहे. "मॅडम, एक सांगू? याच्या बोटाची हळद स्पिरिटनं निघाली. पण टोकं पिवळीच आहेत. तीन बोळे वाया गेले माझे."

मॅडमनी धनाजीचा हात उचलून उजेडात धरला. दोन बोटांची टोकं आणि अंगठा. हळदीसारखा पिवळा नाही, जरा तपकिरीकडे झुकलेला, कातडीत मुरलेला. त्यांनी नखानं खरवडलं. निघेना.

"हे ॲसिडनं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गलाईवाले ना?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या विटा भागातली माणसं देशभर सोनं गाळायचा धंदा करतात. जुने दागिने आटवायचे, त्यातलं तांबं-चांदी ॲसिडमध्ये विरघळवून काढायचं, चोख सोनं हातात द्यायचं. त्याला गलाई म्हणतात आणि त्या ॲसिडला तेजाब. धनाजीचं घराणं तामिळनाडूत, आबांचं केरळात. लग्नं मात्र एकमेकांत, मांडव गावाकडं. तेजाबात चांदी-तांबं पडलं की तांबूस धूर निघतो. दुकानात त्याला धुराडं असतं, पंखा असतो. आणि तिथला कुणीही तो धूर छातीत ओढत नाही.

"आमी गलाईवाले हाय," मामा म्हणाले. "पण ही तिकडं. गावाला आल्यावर न्हाई. गावाला फकस्त भजी."

"म्हणजे उद्या सोडू?" मॅडमनी विचारलं. त्या मामांशी बोलत होत्या, पण बघत होत्या काकींकडे. "तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा, सोडू?"

काकी आतापर्यंत कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हाताला हळद वाळलेली. त्यांनी एकदा पडद्यापलीकडच्या टोपीकडे बघितलं, एकदा पोराच्या ओठांकडे.

"आक्का," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "लगीन मोडंल."

"मोडू द्या," काकी म्हणाल्या. आवाज चांगला मोठा, बाहेरपर्यंत गेलेला. "मॅडम, त्यानं भजी न्हाई खाल्ली. तेजाबाचा धूर खाल्लाय."

मग सगळं बाहेर आलं. साखरपुड्यात आबांनी जावयाला सोन्याची चेन घातली होती. गलाईवाल्याच्या घरात सोनं आलं आणि तपासलं नाही, असं कसं होईल? पण सोयऱ्याचं सोनं उघड तपासायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. पाव्हणेरावळे यायला लागले होते. म्हणून रंगामामांनी युक्ती काढली. हळदीच्या दिवशी पहाटेच माडीवरची खोली बंद केली. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. चेनची एक कडी तोडून तपासायला घेतली. घरात तेजाबावर बसायचा सगळ्यात चांगला हात नवरदेवाचाच, म्हणून तोच बसला.

एवढ्यावर थांबले असते तर फार काही झालंही नसतं. पण भांडं तापलंच आहे तर, म्हणून आत्यानं मोडकी जोडवी आणली. मावशीनं जुन्या शालूची जर आणली. चुलतीनं वाकलेला चांदीचा करंडा आणला. बायका टॉवेल उचलून वस्तू आत सरकवत होत्या आणि टॉवेल परत कोंबत होत्या. धनाजी नाही म्हणायला लाजला. खोलीत तांबूस ढग झाला. खाली सनई लागली तेव्हा तो जिन्यावरून खोकतच उतरला.

काकी थांबल्या. मामा भिंतीत शिरायला जागा शोधत होते.

पडदा सरकला. आबा आत आले. टोपी काढून हातात घेतली. सगळ्यांना वाटलं, आता टोपी आपटतील आणि निघतील. मी बॅगेची चेन लावून टाकली. बूट पुन्हा गमावायचा नव्हता.

आबा मामांच्या समोर उभे राहिले. मग म्हणाले, "किती टंच निघाली?"

टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. मामा पुटपुटले, "ब्याण्णव." म्हणजे चोख बावीस कॅरेट.

"निघणारच. माझ्या हातची हाय." आबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "तुमच्या पाटल्या पण ब्याण्णवच निघाल्या."

"आमच्या पाटल्या?" मामांची मान ताठ झाली. "तुमी आमच्या पाटल्या तपासल्या?"

"मग? पोरीच्या हातात घालायच्या म्हटल्यावर? परवाच एक तासून तेजाबात बघितली. पण गड्या, परसात. मोकळ्या वाऱ्यात. आमी काय येडे हाय व्हय खिडक्या लावून बसायला?"

पुढची दोन मिनिटं आयसीयूत इतका गोंगाट झाला की कोपऱ्यातल्या कॉटवरचा बेशुद्ध म्हातारा 'गप बसा की' म्हणाला. मामा म्हणत होते, विश्वास नाही तर सोयरीक कशाला केली. आबा म्हणत होते, विश्वास होता म्हणून तर एकच पाटली तासली. मॅडमनी दोघांच्या दंडाला धरून दोघांना बाहेर काढलं. मध्ये मी आलो, मलाही काढलं.

जाता जाता मी एवढंच ऐकलं. स्वाती कॉटजवळ आली होती. "एका कडीसाठी मरायला निघाला होता व्हय तुमी?"

धनाजी मास्कमधून म्हणाला, "चेन चोख हाय."

"चेन चोख हाय. तुमचं काय निघतंय ते अजून बघायचंय," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. त्या दोन बायकांनी तिला ओढायचा नाद सोडला.

मुहूर्त हुकला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मांडवात अक्षता पडायच्या त्याच सुमाराला, धनाजीला खरोखर धाप लागली. फुप्फुसात पाणी. पण तो तेव्हा मॅडमच्या नजरेसमोर होता, ऑक्सिजनवर, औषधं तयार. मशीननं या वेळी पंच्याऐंशीचा घोष केला नाही. आकडा सरळ खाली आला, ऑक्सिजन वाढवल्यावर सरळ वर गेला, आणि मॅडमनी तो खरा मानला. दोन दिवसांत छाती मोकळी झाली.

मधल्या काळात त्या निळ्या शाईमुळं धनाजीची लघवी हिरवीगार येत होती. हे सिस्टरनं कुणाला तरी सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत विटा ते औंध बातमी पसरली. पाव्हणे पोराला बघायला कमी आणि बाटली बघायला जास्त आले. आत्यानं त्यातही आपल्या जोडव्यांची चांदी उतरली असेल का, अशी चौकशी केली म्हणे. ऐकीव आहे, पण आत्याला मी भेटलोय, त्यामुळं खरं मानतो.

पुढच्या मुहूर्तावर लग्न झालं. मला मानाचं आमंत्रण होतं. रंगामामांनी स्वतः आग्रह करकरून भजी वाढली.

मी सर्व्हिस रिपोर्टमध्ये 'मशीनमध्ये दोष आढळला नाही' असं लिहिलं. पुण्याच्या साहेबांनी फोन करून विचारलं, "म्हणजे एवढ्या लांब जाऊन तुम्ही केलंत काय?" म्हटलं, "साहेब, बोट पुसलं."

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ऑक्सिजन कितीही सोडला तरी मशीन पंच्याऐंशीवरून हलेना, की मी स्क्रू-ड्रायव्हर काढत नाही. डॉक्टरांना रक्ताचा रंग बघायला सांगतो आणि घरच्यांना विचारतो, काल बंद दाराआड काय शिजलं? आणि पेशंटचे मामा जवळपास असतील, तर विचारण्याआधी त्यांना चहाला पाठवतो.